रेंज आली की वाच

पिंके,

काल तू फोन आपटलास ते बरोबरच केलंस, "पोस्टिंग बदलून घे" असं मीच आधी बोलले. आता तुझा फोन लागत नाही म्हणून हे टाइप करून ठेवते, धारणीला आलीस की वाचशील. नाल्याचं काही लिहिणार नाहीये.

तुमच्या नर्सिंग कॉलेजने तिथल्या पीएचसीशी, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्राशी, जुळवून तुम्हाला गावात राहायला पाठवलं ते मला आवडलंय, खरंच. वॉर्डात पेशंट समोर येऊन पडतो, इथे तुला त्याच्या दारात जायचंय आणि तो आत घेईल की नाही ते त्याच्या सासूवर आहे. म्हणून गावच्या आशाताईला, माझ्यासारख्याच आरोग्य कार्यकर्तीला, पुढे जाऊ दे, कोरकू तिला येतं, तुला नाही. बॅग ठेवायला पेपर पसरशील, आधी हात धुशील, ते मॅडमनी शिकवलंय, पण चहा दिला तर पी गं, नाक मुरडू नकोस. बाळाच्या पोटावर उपचार म्हणून दिलेल्या चटक्यांचे डाग दिसले तर ओरडायचं नाही, ओरडलीस की पुढच्या खेपेला बाळ दाखवणारच नाहीत. भुमकाला, त्यांच्या गावच्या वैदूला, हसू नकोस, तुझ्याआधी लोक त्याच्याकडे जातात, त्याने सांगितलं तर दवाखान्यातही येतील.

बघ, लागले परत शिकवायला. चार वर्षांचं बीएस्सी तू करतेयस, मी दहावी पास आशा.

पण संध्याकाळी पाचनंतर नाला ओलांडू नकोस. वर कुठेतरी पाऊस पडतो, खाली ऊन असतं आणि पाणी एकदम येतं, मामाचं तुला माहीत आहे.

आठवतं, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा... बाळंतपणानंतरच्या माझ्या बाळ-भेटींचे दिवस तू पाढ्यासारखे म्हणायचीस. सातव्या दिवसाच्या भेटीला तुला हात धरून घेऊन गेले होते, पाणी माझ्या गुडघ्याला, तुझ्या कमरेला, बाबा आठ दिवस बोलले नव्हते माझ्याशी. त्या बाळाचं वजन घेताना काटा तू धरलास म्हणून शाळेत सांगत फिरलीस. मग मी आता कुठल्या तोंडाने अडवू तुला? बाबा तर दुकानात सगळ्यांना सांगतात, पोरगी मेळघाटात आहे, आणि घरी येऊन टीव्हीवर पावसाच्या बातम्या लावतात.

पाणी चढलं तर पलीकडेच आशाताईकडे मुक्काम कर. तिचा नंबर तेवढा पाठव, तुला नाही त्रास देणार, आम्ही आशा-आशा आपसात बोलून घेऊ.

आई