अर्ज मंजूर झालाय

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

निफाडला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच कळवते. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तीन महिन्यांची नोटीस संपत आलीय, मंजुरीही आली. राजीनामा नाही हं बाबा, स्वेच्छानिवृत्ती. आधी बोलले असते तर तुम्ही रात्र-रात्र पेन्शनचं गणित मांडत बसला असता. ते मी मांडलंय. २००१ला लागले, म्हणजे जुनीच पेन्शन. वीस वर्षं केव्हाच भरली. रक्कम थोडी कमी बसेल, पण तुमचे पैसे ठरल्या तारखेलाच येतील. आईच्या गुडघ्यांची ठेव वेगळी आहे, तिला हात लावणार नाही.

शाळेला कंटाळले असं मात्र समजू नका. पेठला पहिलीच्या पोरांना पुस्तकातली भाषा परकी वाटायची, घरी सगळी कोकणा बोलणारी. म्हणून जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर त्यांच्याच नागलीच्या, खेकड्यांच्या गोष्टी लिहायला लागले. ती पानं फाटेपर्यंत वाचायची पोरं! दोन पुस्तकं तशीच निघाली. तिसरं मात्र शाळेची ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलंय. रात्री अकराला लिहायला बसायचं, तर डोळेच उघडे राहत नाहीत.

साने गुरुजींनीही १९३०मध्ये अमळनेरची शाळा सोडली होती. ‘ते सत्याग्रहात गेले, तू कुठे चाललीस?’ असं तुम्ही म्हणणार. कबूल. पण ‘श्यामची आई’ त्यांनी आपल्या नाशिकच्या तुरुंगात १९३३ला लिहिली. मला तर घरात टेबल-खुर्ची आहे, चहा आहे.

मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत मला बघायचं होतं तुम्हाला, ठाऊक आहे. पुस्तकांवर आडनाव तुमचंच लावते, बाबा. दिवे गेले की तुम्ही गोष्ट सांगायचात. कोल्हा विहिरीत पडला की नेमके दिवे यायचे आणि तुम्ही म्हणायचात, ‘चला, अभ्यास.’ मग मी झोपेपर्यंत त्या कोल्ह्याला वर काढत बसायचे.

आता ऐका. पारा उतरलाय तिकडे. उजाडल्याशिवाय द्राक्षबागेकडे फिरायला जायचं नाही. कानटोपी घालायची, दम्याचा पंप खिशात हवा, उशीखाली नाही. आई, बीपीची गोळी उपासालाही घ्यायची असते. आणि माळ्यावर चढू नकोस. शनिवारी येते, बरण्या मी उतरवीन.

तुमची,
बेबी