तक्त्यात एक रकाना राहिला

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ऑनलाइन शाळांचा तौलनिक तक्ता वाचला. सहावी ते आठवीसाठी कोणती सायबर चार्टर शाळा (म्हणजे सरकारी पैशावर, पण स्वतंत्र संस्थेने चालवलेली ऑनलाइन शाळा) पहिली आणि कोणती पाचवी, हे ज्या थाटात मांडले आहे ते पाहून लेखक यातल्या एका तरी वर्गात तासभर बसला असेल का, अशी शंका आली. मी बसले आहे. मी तिथे ‘लर्निंग कोच’ होते.

हे पद तुमच्या तक्त्यात कुठेच नाही, म्हणून सांगते. लेकीकडे गेले होते. नातू सहावीत. आधीच्या शाळेच्या बसमध्ये दोन मुले त्याला छळत, म्हणून दाखला काढून त्याला ऑनलाइन शाळेत घातले होते. तो छळ थांबला, हे खरे, आणि त्याबद्दल त्या शाळेचे उपकारच. पण मुलाकडे लक्ष द्यायला दिवसभर घरी कोणीतरी मोठे माणूस हवे, हा शाळेचा नियम; त्यालाच म्हणायचे ‘लर्निंग कोच’. लेक-जावई नोकरीला. राहिले कोण, तर आजी. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत गेला. निवृत्तीनंतर पुन्हा हजेरी मांडायची, तीही परदेशात, असे काही नशिबात असेल ही कल्पना नव्हती.

तुमच्या तक्त्यात ‘नियमित उपस्थिती’ असा रकाना आहे. तो आमच्याकडे कसा भरला जाई ते ऐका. संध्याकाळी पोर्टल उघडायचे, आज गणित किती वेळ, विज्ञान किती वेळ, हे आपणच लिहायचे, की हिरवी खूण. झाली हजेरी! आमच्या वेळी हजेरीपटावर एक खाडाखोड दिसली तरी केंद्रप्रमुख चष्मा काढून पुन्हा लावत.

आणि वर्ग? पडद्यावर बाई, बाजूला नावांची उभी रांग, कॅमेरे सगळे बंद. बाई जीव तोडून शिकवत होत्या, त्यांना मी नावे ठेवणार नाही. “समजले असेल तर १ टाइप करा,” असे त्या मधूनमधून म्हणत. लगेच पडद्यावर एकांची रांग. आमच्या चिरंजीवांनीही डाव्या हाताने एक टाकला. उजव्या हातात रुबिकचा ठोकळा. धडा अपूर्णांकांच्या भागाकाराचा, आणि पोर्टलच्या मते पूर्ण झालेला. रात्री जेवताना सहज विचारले, पाऊण भागिले अर्धा किती? पोरगा आईकडे बघायला लागला. मग पोळीचे चार भाग केले, एक उचलून घेतला आणि उरलेल्यात अर्ध्या पोळ्या किती ते मोज म्हटले. एक अर्धी झाली, वर त्या अर्धीची निम्मी. “दीड!” म्हणून ओरडला. त्या वर्षी त्या शाळेचा गणिताचा जो काय निकाल लागला असेल, त्यात ही पोळी धरलेली नाही. ज्या घरी पोळी मोडायला कोणी नव्हते, त्या मुलांचे काय झाले हे तक्ता कसे सांगणार?

आता गुणांचे. ते बहुधा राज्याच्या ‘फ्यूचर रेडी पीए इंडेक्स’ या संकेतस्थळावरून उचललेले दिसतात. तिसरी ते आठवीची ती पीएसएसए परीक्षा. पण धार्मिक कारण दाखवून पालकांना मुलाला त्यातून बाहेर ठेवता येते. जी मुले परीक्षेला बसलीच नाहीत ती तुमच्या क्रमवारीत कुठे आहेत? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राने २०१५ मध्ये अनेक राज्यांतल्या ऑनलाइन चार्टर शाळा तपासल्या, तेव्हा तिथली मुले नेहमीच्या सरकारी शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा गणितात वर्षाला १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे निघाली. शाळेचे अख्खे वर्षच तिकडे १८० दिवसांचे असते! मग पहिली कोण आणि पाचवी कोण, याचे कौतुक किती करायचे?

लेखात ‘मोफत’ हा शब्द फार आला. पालकांना मोफत, मुलाच्या गावच्या स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाला, मात्र पैसे मोजावे लागतात, आणि ते त्या डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या खर्चावरून ठरतात. म्हणजे बाई त्याच, धडा तोच, पण एका गावाच्या मुलामागे शाळेला दुसऱ्याच्या दुप्पट रक्कम. राज्याचे महालेखापरीक्षक टिमथी डिफूर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा पाच शाळांचे हिशेब मांडले. तीन वर्षांत त्यांची गंगाजळी २५ कोटी ४० लाख डॉलरवरून ६१ कोटी ९० लाखांवर गेली होती. त्यांतल्या कॉमनवेल्थ चार्टर अकॅडमीने २१ इमारती घेण्या-सजवण्यावर १९ कोटी ६० लाख डॉलर घातले. घरबसल्या शाळेला २१ इमारती! बेकायदा काही नाही म्हणे, कायदाच तसा आहे.

एवढे करून लेखाचा शेवट काय, तर आपल्या कमी पटाच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांसाठी हा पर्याय ‘तपासून पाहावा’. जरूर पाहावा. फक्त लेखक महाशयांनी तिथला लर्निंग कोच कोण ते आधी सांगावे. आई पहाटे ऊसतोडीला गेलेली, घरात फोन एक, तो बापाच्या खिशात. करोनाच्या वर्षांत हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, त्यासाठी पेनसिल्व्हेनियाला जायला नको.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा

ता.क. एसटीच्या विद्यार्थी पासबद्दलचे माझे मागचे पत्र तुम्ही निम्मे कापून छापलेत आणि उरलेल्याचा अर्थ उलटा झाला. ओळखीचे लोक अजून विचारतात, पास बंद करा असे तुम्ही का लिहिलेत म्हणून. या वेळी जागा कमी पडली तर कृपया शेजारचे राशिभविष्य कापावे.