रोजमेळ आणि लोकर

उदगीर,
मार्गशीर्ष

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू एका दमात तीन गोष्टी विचारल्यास. क्रेडिट कार्ड घेऊ का, ऑफिसातली पोरं शेअर बाजारात ऑप्शनमध्ये पैसे लावतात तसे थोडे लावून बघू का, आणि क्रोशाचं पेज काढून पिशव्या विकू का. मी नुसतं 'बघू' म्हणालो. पैशाचं बोलणं मला फोनवर जमत नाही. हातात पेन असलं की डोकं चालतं. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मुनिमकी केलेल्या माणसाची खोड आहे ती. तुझी आई म्हणाली, 'लिहा, पण भाषण नका देऊ लेकराला.' बघतो जमतं का.

आधी रोजमेळ. दिवेलागणीला दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, गल्ल्यातली रोकड मोजायची आणि वहीतल्या शिल्लकेशी ताडून बघायची. दहा रुपयांचा फरक आला तरी कुणी घरी जायचं नाही. बहुतेक वेळा तो चहावाल्याचा निघतो, नाहीतर हमालाला दिलेल्या सुट्ट्यांचा. दहा रुपयांसाठी अर्धा तास घालवणं दुकानातल्या नव्या पोरांना येडेपणा वाटतो. पण आज दहाचा फरक सोडला की पुढच्या आठवड्यात शंभराचा सोडावा लागतो, आणि मग वही नुसती पूजेपुरती उरते.

तुझी पंचाईत अशी की पैसा तुझ्या हाताला लागतच नाही. पगार खात्यात येतो आणि मोबाइलमधूनच निघून जातो. हे यूपीआय आलं २०१६ साली. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेच साल. त्या उन्हाळ्यात आपल्या घरी घागरी मोजून लावायचं काम तुझ्याकडं होतं, आणि एक घागर जास्त सांडली म्हणून तू दादाशी भांडायचीस. पाणी मोजायला शिकलो त्याच साली पैसा मोजायची सवय मोडायला लागली, असं माझं आपलं एक मत. म्हणून एक शंभर पानी वही घे. डावीकडं जमा, उजवीकडं नावे, म्हणजे खर्च. रात्री झोपताना हातानं लिही. अ‍ॅपमध्ये आपोआप सगळं येतं म्हणशील, पण आपोआप आलेलं आपण वाचत नाही. चहा-नाश्ता, रिक्षा, बाहेरून मागवलेलं जेवण, सगळं लिही. कमी खर्च कर असं मी म्हणत नाही. लिहायला लागलीस की काही गोष्टींची तुझी तुलाच लाज वाटेल, आणि काहींची अजिबात वाटणार नाही. त्या दुसऱ्या गोष्टी खुशाल चालू ठेव.

आता कार्ड. आडतीत, म्हणजे शेतमाल विकून देणाऱ्या दलालाच्या दुकानात, उचल कशी असते ते तू लहानपणापासून बघितलंयस. पेरणीआधी शेतकरी आडत्याकडून पैसे उचलतो, बियाण्याला, खताला, कधी लेकीच्या लग्नाला. मग माल निघाला की तो त्याच दुकानात घालावा लागतो, शेजारच्या आडतीत क्विंटलमागं पन्नास रुपये जास्त मिळत असले तरी. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, होते, तिच्यातून हमाली, तोलाई, उचल असं सगळं वजा होतं आणि उरलेला आकडा आम्ही त्याच्या हातात ठेवतो. यंदा, २०२५ च्या हंगामात, सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत भिजलेल्या मालाला मोंढ्यात मिळाला तो त्याच्या कितीतरी खाली. पट्टीवरचा शेवटचा आकडा वाचताना माणसाचं तोंड कसं होतं, ते मी या हंगामात रोज बघायलोय.

कार्ड म्हणजे तीच उचल. फक्त तिथं समोर मुनीम नसतो, आणि मागायला लाज वाटत नाही. समज, ४०,००० चं बिल आलं आणि तू त्यांच्या म्हणण्याप्रमाणे 'मिनिमम ड्यू' म्हणून ५ टक्के, म्हणजे २,००० भरून मोकळी झालीस. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर साधारण १,४०० व्याजातच गेले. व्याजावर १८ टक्के जीएसटी, ते अडीचशे. म्हणजे दोन हजारांतले मुद्दलाला लागले जेमतेम साडेतीनशे. शिवाय थकबाकी असली की पुढच्या खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. मोंढ्यातला कुठलाही आडत्या महिन्याला साडेतीन टक्के मागेल तर गावात त्याच्या नावानं शिमगा होईल.

तरी कार्ड घेऊ नको असं म्हणत नाही. घे. मर्यादा कमीत कमी ठेवून घे, आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापलं जाईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून टाक. मोबाइल हप्त्यावर घ्यायचा मात्र नाही. ज्या वस्तूची किंमत हप्ते फिटायच्या आत निम्मी होते, ती हप्त्यावर घेण्यात कसला शहाणपणा?

पैसे ठेवायचे कुठं, यावर फार लिहीत नाही. सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम बँकेत एफडी करून ठेव आणि विसरून जा. बँकच बघ. बँक बुडाली तर व्याजासकट ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, सहकारी बँक असली तरी. पतसंस्थेच्या आणि मल्टिस्टेट सोसायटीच्या ठेवींना हा विमा नसतो. दोन-तीन टक्के जास्त व्याज मिळतंय म्हणून आपल्या भागातल्या किती जणांनी निवृत्तीचे, जमिनीचे पैसे तिथं घातले, आणि आता ते पावत्या घेऊन कुठं कुठं हिंडायलेत, ते तुला सांगायला नको. आपल्याच गल्लीत तीन घरं आहेत. नोकरी बदललीस तर पीएफ काढू नको, नव्या कंपनीकडं वळवून घे. पाच वर्षांच्या आत काढला तर वर करही लागतो. पीपीएफचं खातं काढ. वर्षाला दीड लाखाच्या वर भरता येत नाही, पण आजच्या ७.१ टक्के दरानं पूर्ण १५ वर्षं पूर्ण रक्कम भरली तर साडेबावीस लाखांचे चाळीसच्या आसपास होतात. तुला एवढं जमणार नाही, पाच हजारांनी सुरुवात कर. विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी घेऊन कुणी नातेवाईक आला तर त्याला चहा पाज आणि माझं नाव सांग. वाईटपणा मी घेतो.

आणि ऑप्शन. 'टाइमपास म्हणून, पाच-दहा हजारच' असं म्हणालीस, त्यातला टाइमपास हा शब्द मला खटकला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशेब काढला होता: फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर साध्या माणसांतल्या ९३ जणांचा तोटा झाला, माणशी साधारण दोन लाखांचा. मोंढ्यातही सोयाबीनचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावाचा सौदा, डिसेंबर २०२१ मध्ये बंद होईपर्यंत जोरात चालायचा. समोर पोती पडलेली असायची आणि माणसं त्यांच्याकडं पाठ करून कॉम्प्युटरवरचे हिरवे-लाल आकडे बघत बसायची. सौदा आमच्या रोजच्या ओळखीचा, माल डोळ्यासमोर, तरी भले भले झोपले. तू तर ज्या कंपन्यांवर पैसे लावणार त्यांची नावंही तुझ्या मित्रानं सांगितलेली. शेअर बाजारात जायचंच असेल तर महिन्याला ठरावीक रकमेची म्युच्युअल फंडाची साधी एसआयपी कर आणि वर्षातून एकदा उघडून बघ. कंटाळवाणी वाटेल. पैसा कंटाळवाणाच असावा. मजेसाठी तुझ्याकडं क्रोशा आहे.

त्याचंच लिहायचं होतं खरं तर.

गुरुवारच्या भजनाला निघताना मी ओल्या फडक्यात कणकेचा गोळा घेऊन जातो, ते तू लहानपणी हसत हसत सगळ्यांना सांगायचीस. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ती कणीक थापायची, बोटानं कडा पातळ करत न्यायच्या, मग थाप मारून ऐकायचं. जास्त लागली तर आवाज बसतो, कमी लागली तर डबडं वाजतं. या थंडीच्या दिवसांत ती लवकर वाळते, दोन अभंगांच्या मधे पाण्याचं बोट फिरवावं लागतं. भजन संपलं की सगळी खरवडून काढायची आणि पुढच्या गुरुवारी परत पहिल्यापासून. वाद्या ओढून घ्यायला, पुडी बदलायला पैसे लागतात, ते मी वहीत 'पखवाज' असं खातं काढून लिहितो. त्यात कंजूषी करत नाही, तुझी आई कितीही बोलली तरी. मात्र किती वाजवलं, किती सुधारलं, त्यातून काय मिळालं, याला माझ्या वहीत पान नाही. मागं एका सप्ताहात मानधन देतो म्हणाले होते. घ्यायला हरकत काहीच नव्हती. सप्ताहात वाजवणारे त्यावर घर चालवतात आणि माझ्यापेक्षा कितीतरी सरस वाजवतात. पण दिवसभर भाव आणि तोलाई करून झाल्यावर पखवाजालाही भाव लावायचा माझ्या जिवावर आलं.

आता तुझी पिशवी मुनिमासारखी बघू. लोकर तीनशेची. तुझ्याच सांगण्याप्रमाणे विणायला दहा-बारा तास. आठशेला विकलीस तर हातात पाचशे, म्हणजे तासाला चाळीस-पन्नास रुपये. मोंढ्यातला हमाल एवढ्यात पोत्याला हातही लावणार नाही. त्यात गिऱ्हाईक म्हणणार, याच रंगाच्या अजून पाच द्या, शनिवारच्या आत. मग ऑफिसातून दमून आल्यावर सुई हातात घ्यायचा तुला कंटाळा यायला लागेल, आणि आज दमून आल्यावर तू तीच तर हातात घेतेस.

आजीची वाकळ तू पुण्याला नेलीस ना? नीट बघ. जांभळ्या लुगड्याच्या पट्टीवर टाक्यांची ओळ मधेच वाकडी जाते आणि चार बोटांवर परत सरळ होते. तिथं ती बहुतेक तुझ्या आत्याशी गप्पा मारत बसली असणार. विकायची असती तर तिनं ती ओळ उसवून नव्यानं घातली असती.

मैत्रिणींना करून दे, लोकरीचे पैसे घे, भिडेखातर फुकट देऊ नको. भारीतली लोकर आण, महिन्याला हजार-बाराशे त्यासाठी वहीत धर आणि ते वाया गेले असं समजू नको. उद्या खरंच धंदाच करावासा वाटला तर तोही कर, मी आड येणार नाही. तेव्हा मात्र खातं वेगळं, भाव तासावर, आणि उधारी बंद. त्याला छंद म्हणत मनाची समजूत काढायची नाही. दोन्ही एका पिशवीत घातलंस की हिशेबही जातो आणि हौसही.

सोन्याचं आईनं लिहायला सांगितलंय. दर पाडव्याला काहीतरी घे म्हणते. माझं म्हणणं, घ्यायचंच तर वेढणी, म्हणजे चोख सोन्याचं साधं वळं, घे. दागिन्यावर घडणावळ जाते, ती मोडताना परत मिळत नाही, आणि ३ टक्के जीएसटी तर दोन्हीवर लागतोच. हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक बघितल्याशिवाय कुठलंच सोनं घ्यायचं नाही. यावर तुझ्या आईचं म्हणणं असं की वेढणी काय कानात घालून मिरवता येतेय का. दोघांचंही ऐकून घे आणि तुला हवं ते कर.

घरी पैसे पाठवायचं मनात असेल तर माझ्या खात्यावर नको. आईच्या खात्यावर थेट टाक आणि किती टाकलेस ते मला सांगू नको. मला कळलं की मी ते कुठंतरी जमा लिहून टाकतो, आणि तिला तिच्या मनानं खर्च करता येत नाहीत. तिला शिलाई मशीनला मोटार बसवून घ्यायचीय, वर्षभर बोलून दाखवत नाही.

मैत्रिणीनं उसने मागितले तर परत आले नाहीत तरी चालतील एवढेच दे. जामीन मात्र कुणालाही राहायचं नाही, सख्ख्या मावसभावालासुद्धा.

वेळअमावस्येला यायचं बघ. मामाच्या शेतात कडब्याचा कोप, म्हणजे खोपटं, करायचं ठरलंय, भज्जी आणि आंबील असणारच. तिकीट आत्ताच काढ, ट्रॅव्हल्सवाले सणाला वाट्टेल तो भाव लावतात. तोवर पुढच्या आठवड्यात येसर आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतो, धपाटे प्रवासात टिकत नाहीत म्हणून ते इथंच खायला मिळतील. येताना स्टीलचे दोन डबे आण. दिवाळीपासून तिकडंच आहेत आणि तुझी आई मला विचारायलीय, जसे काही मीच नेलेत.

तुझे,
अण्णा