शाल पोहोचली, हप्ता नाही!

माननीय मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

३० एप्रिलला दादासाहेब फाळक्यांच्या जयंतीला आपण मला शाल-श्रीफळ दिलंत आणि 'पंधरा दिवसांत अनुदानाचा हप्ता जमा' असं माइकवरून जाहीर केलंत. टाळ्याही पडल्या. आज ९ जुलै. काल फाईल परत आली. शेरा : 'पान ४ वरील सही निळ्या शाईत आहे, काळ्या शाईत करून फेरसादर करावे.' नारळ सडका निघाला, ते जाऊ द्या.

मी एकच मराठी सिनेमा काढला, साहेब. नाशिकचं घर तारण ठेवून. मल्टिप्लेक्सात शो मिळाला सकाळी सव्वानऊचा. प्रेक्षक सात, त्यातले तीन माझे मेहुणे. बायकोच्या पाटल्या सराफाकडे आहेत. ती बोलत नाही काही. पण पूर्वी पोळ्या लाटताना हात वाजायचा, आता नुसतं लाटणं वाजतं.

सरस्वतीबाई फाळक्यांच्या दागिन्यांवर आपण काय गहिवरलात! विम्याची पॉलिसी गहाण, दागिने मोडलेले, युनिटचा स्वयंपाक त्या माउलीच्या गळ्यात, तेव्हा कुठे ३ मे १९१३ ला गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला. मान्य. पण पुढचं भाषणात का गाळलंत? फाळक्यांच्या पुढच्या 'लंकादहन' सिनेमाच्या कमाईची नाणी म्हणे बैलगाडीतून न्यायचे. आणि तोच माणूस भागीदारांशी बिनसून काशीला निघून गेला, परतला, बोलपटांच्या लाटेत मागे पडला. १९३७ चा 'गंगावतरण' शेवटचा. महायुद्धात सिनेमा काढायला सरकारी परवाना लागे. म्हाताऱ्याने अर्ज केला. नकाराचं पत्र आलं आणि दोन दिवसांत, १६ फेब्रुवारी १९४४ ला, नाशकात प्राण गेला, असं सांगतात.

गोऱ्यांचं राज्य होतं ते. त्यांनी निदान सरळ 'नाही' म्हटलं, शाईचा रंग नाही काढला! आपण १९६९ पासून फाळक्यांच्या नावाने पुरस्कार देतो. मेलेल्या निर्मात्याच्या कागदात त्रुटी निघत नाहीत, हे एक बरं.

माझ्या ओळखीत अकरा निर्माते, नऊ जणांनी पुन्हा सिनेमाचं नाव काढलं नाही. एक जण आता मंगल कार्यालय चालवतो. आणि सिनेमाच कशाला? मधल्या मेहुण्याचा पीक विमा, शेजारच्या मास्तरांची पेन्शन, सगळीकडे तेच टेबल, तोच 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. आम्ही कर भरतो तेव्हा शाई कुठली चालते हो?

फाईल काळ्या शाईत सोबत जोडली आहे. चौथ्यांदा. शालही परत पाठवतोय, पुढच्या ३० एप्रिलला कामी येईल.

आपला,
एक निर्माता (भूतपूर्व)