राष्ट्रीय महासंगणकांवरील रांगेचे आणि साठवणुकीचे नियम जाहीर व्हावेत : केंद्रीय विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

स. न. वि. वि.

२०१५ साली ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानामुळे 'परम शिवाय', 'परम ब्रह्म', 'परम प्रवेग' अशी यंत्रे देशभरातील संस्थांमध्ये उभी राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील 'परम रुद्र' राष्ट्राला अर्पण झाले. मी महाराष्ट्रातील एका राज्य विद्यापीठात संगणकीय रसायनशास्त्र शिकवते. असे यंत्र स्वतः विकत घेणे आमच्या विद्यापीठाला कधीच शक्य झाले नसते, त्यामुळे या अभियानाचे मोल मी जाणते. हे पत्र लिहिण्याचे कारण यंत्रांची क्षमता नाही. त्या यंत्रांवर कोणाचा जॉब, म्हणजे यंत्राला दिलेले गणिताचे काम, कधी चालावा आणि कोणाचा डेटा किती दिवस राहावा हे ठरवणारे नियम आहेत. ते सर्व केंद्रांसाठी लेखी ठरावेत, जाहीर व्हावेत आणि त्यांचा परिणाम आकड्यांत मोजला जावा, एवढीच माझी मागणी आहे.

या यंत्रांचा सरासरी वापर ८५ टक्क्यांहून अधिक असून अनेक यंत्रांवर तो ९५ टक्क्यांच्या पुढे गेला आहे, असे शासनाने प्रसिद्ध केले आहे. ही समाधानाची बाब आहे, पण ती अपुरी आहे. जे यंत्र ९५ टक्के भरलेले असते, त्याच्या दारात रांग असतेच. आणि ती रांग किती लांब आहे, तिच्यात कोण किती थांबते, हे वापराच्या टक्केवारीवरून कळत नाही. धरणातून किती पाणी सोडले याचा आकडा सांगावा आणि टेलच्या शेतकऱ्याला आवर्तन कधी मिळाले हे कुठेच नोंदवू नये, तशी ही स्थिती आहे. यंत्र जिथे बसवले आहे त्या यजमान संस्थेतील वापरकर्ता यंत्र सांभाळणाऱ्यांना जाऊन भेटू शकतो. दूरच्या महाविद्यालयातील संशोधक विद्यार्थ्याला मात्र आपला जॉब चार दिवस का थांबला आहे याचा अंदाजसुद्धा बांधता येत नाही.

रांग लावण्याचे काम स्लर्मसारखी प्रणाली करते. जॉब किती वेळ थांबला आहे, तो किती नोड (महासंगणकातील स्वतंत्र संगणक) मागतो, वापरकर्त्याने अलीकडे किती वापर केला आहे अशा घटकांना वजने देऊन ती प्रत्येक जॉबचा अग्रक्रम काढते. अलीकडचा वापर मोजणाऱ्या घटकाला फेअरशेअर म्हणतात. जुना वापर त्यात हळूहळू विसरला जातो आणि तो किती वेगाने विसरायचा हे अर्धायुकालाच्या, म्हणजे जुन्या वापराचे वजन निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाच्या, आकड्यावर ठरते. स्लर्मचे मूळ मूल्य सात दिवसांचे आहे. हा आकडा सात दिवस ठेवावा की तीस, आणि कोणत्या घटकाला किती वजन द्यावे, हे वरवर तांत्रिक दिसले तरी सार्वजनिक साधनसंपत्तीच्या वाटपाचे निर्णय आहेत. ते प्रत्येक केंद्राच्या प्रशासकावर सोडणे त्या प्रशासकावरही अन्यायाचे आहे, कारण तक्रारी शेवटी त्यालाच ऐकाव्या लागतात.

वॉलटाइमचा, म्हणजे जॉबसाठी आधीच मागून घ्यायच्या वेळेचा, प्रश्न विशेष लक्ष देण्याजोगा आहे. मोठ्या जॉबसाठी नोड मोकळे होत असताना मधल्या फटीत छोटे जॉब बसवून घ्यायचे, याला बॅकफिल म्हणतात. हे जमायचे तर छोटा जॉब किती वेळात संपेल हे प्रणालीला ठाऊक असावे लागते आणि ती माहिती वापरकर्त्याने मागितलेल्या वेळेवरूनच मिळते. मागितलेली वेळ संपली की जॉब मारला जातो, म्हणून तीन तासांच्या कामालाही बहुतेक जण कमाल मर्यादेएवढी वेळ मागतात. त्यांना दोष देता येत नाही. केलेले गणित वाया जाण्यापेक्षा जास्त वेळ मागणे शहाणपणाचेच ठरते. परिणाम मात्र असा होतो की फटी रिकाम्या राहतात आणि सर्वांचीच रांग लांबते. प्रत्येक जॉबनंतर मागितलेला आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ वापरकर्त्याला आपोआप कळवणे, छोट्या चाचणी जॉबसाठी दिवसा काही नोड राखून ठेवणे आणि चेकपॉइंट घेऊन, म्हणजे अर्धे झालेले गणित मध्येच जतन करून, जॉब तेथून पुन्हा सुरू करण्यासाठी केंद्रांवर प्रत्यक्ष मदत देणे, या उपायांना नवे यंत्र लागत नाही; माणसे लागतात, आणि त्यांच्यासाठी निधी लागतो. अमेरिकेतील 'फ्रंटियर' या महासंगणकाच्या मुख्य रांगेत सर्वांत लहान जॉबच्या गटाला दोनच तास मिळतात, कारण ते यंत्रच अतिविशाल गणितांसाठी बांधले आहे. शेकडो छोट्या गटांना सेवा देणाऱ्या आपल्या यंत्रांना तसा नियम लावता कामा नये.

साठवणुकीचा विषय याहून अधिक काळजीचा आहे. स्क्रॅच ही वेगवान, सामाईक आणि तात्पुरती जागा असते. तिचा बॅकअप सहसा घेतला जात नाही आणि ठरावीक मुदतीनंतर न वापरलेल्या फायली पुसल्या जातात. पुसण्याला माझा विरोध नाही; लस्टरसारखी फाइल प्रणाली भरत आली की सगळ्यांचेच जॉब मंदावतात, आणि लाखो बारीक फायली करणारा एकच वापरकर्ता तिच्या मेटाडेटा सर्व्हरला (फायलींची नावे आणि जागा यांची नोंद ठेवणाऱ्या संगणकाला) जेरीस आणू शकतो. पण पुसलेला डेटा आधी ठेवायचा कुठे, याचे उत्तर धोरणात हवे. शंभर मेगाबिटच्या जोडणीवरून दहा टेराबाइट डेटा उतरवायला, ती जोडणी क्षणभरही न तुटता पूर्ण वेगाने चालली तरी, नऊ दिवसांहून अधिक लागतात. तेथे आठवड्याची पूर्वसूचना निरर्थक ठरते. मग फायली नुकत्याच वापरल्यासारख्या दिसाव्यात म्हणून विद्यार्थी सगळ्या फायलींची तारीख बदलणारी आज्ञा दर महिन्याला चालवतात, स्क्रॅच तुंबलेलेच राहते आणि नियम कागदावर उरतो. आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीचे खाते प्रकल्पाची मुदत संपताच एका केंद्रावर बंद झाले आणि प्रबंधाचे परीक्षण चालू असताना तिचा मूळ डेटा तिच्या हातून गेला. तसे करणे नियमात बसत होते की नाही, हे पाहायला लेखी नियमच उपलब्ध नव्हता.

डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्या सदोष प्रोग्रॅममुळे सुमारे ७७ टेराबाइट डेटा, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४० लाख फायली पुसल्या गेल्या आणि १४ संशोधन गटांना त्याची झळ बसली. त्यांतील चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत मिळण्यासारखा नव्हता. तरीही काय घडले, का घडले आणि किती नुकसान झाले, हे विद्यापीठाने जाहीर केले. अशी घटना आपल्याकडे घडली तर ती कोणी, कोणाला आणि किती दिवसांत कळवायची, हे आताच ठरवून ठेवणे गरजेचे आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, अभियानाच्या प्रत्येक नव्या यंत्राच्या खर्चात टेपवरील दीर्घकालीन साठ्याची तरतूद बंधनकारक करावी, खाते बंद झाल्यावरही निदान सहा महिने डेटा वाचण्याची मुभा असावी आणि नियम बदलणाऱ्या समितीवर यजमान संस्थेबाहेरील वापरकर्त्यांना, विशेषतः राज्य विद्यापीठांना, जागा असावी. यांना वेळ लागेल हे मी समजू शकते. पण प्रत्येक केंद्राने प्रत्येक रांगेतील प्रतीक्षेचा मध्यक (निम्मे जॉब ज्याहून कमी थांबले तो काळ) दर महिन्याला, यजमान आणि बाहेरचे वापरकर्ते असा वेगळा काढून प्रसिद्ध करावा, ही मागणी लगेच पूर्ण होऊ शकते. जॉब कधी दाखल झाला, कधी सुरू झाला आणि कधी संपला याची नोंद स्लर्म ठेवतेच. ती प्रसिद्ध करण्यास आपल्या एका आदेशाचीच आवश्यकता आहे. सी-डॅक (प्रगत संगणन विकास केंद्र) आणि भारतीय विज्ञान संस्था या अभियान राबवणाऱ्या दोन्ही संस्थांना तो आदेश आपण द्यावा.

कळावे,

आपली विश्वासू,
राज्य विद्यापीठातील एक अध्यापिका