बारा हजार टनांचा पेच

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून पत्र नाही, तुझे मेसेजही तसेच पडून आहेत, तेव्हा शिव्या घालायचा तुझा हक्क मान्य. तब्येत बरी. शुगर डॉक्टरांच्या मते जास्त, माझ्या मते ठीक. नाना आहेत तसेच. झालं, आता मुद्द्याचं.

मी ऑरोरा खेळतोय. स्टीव्ह वॉल्म्स्लीचा, अंतराळातल्या आरमारांचा, फुकट मिळणारा, पडद्यावर नुसते तक्ते नि आकडे दिसतात तो गेम. हिला वाटतं मी सोसायटीचे हिशेब तपासतोय. गैरसमज सोयीचा आहे, राहू दिलाय.

पेच असा. एका सूर्यमालेतून दुसरीत जायचं तर जंप पॉइंट ओलांडायला जंप ड्राइव्ह लागतो, आणि प्रत्येक ड्राइव्हला मर्यादा: एवढ्या टनांपर्यंतचं जहाज नेईन, त्यापुढे नाही. माझी एफिशियन्सी, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या किती पट वजनाचं जहाज नेतो तो आकडा, अजून ४ वरच. म्हणजे १२,००० टनांच्या जहाजासाठी ड्राइव्हच ३,००० टनांचा! प्रत्येक क्रूझरमध्ये तो बसवला, तर चौथा हिस्सा नुसता पलीकडे पोचण्यात गेला. पोचून लढायचं कशाने? म्हणून सगळे करतात तेच केलं. ड्राइव्ह एकट्या टेंडरमध्ये, म्हणजे बाकीच्यांना पलीकडे नेणाऱ्या जहाजात, आणि क्रूझरमध्ये फक्त इंजिनं, क्षेपणास्त्रं, चिलखत. सगळं १२,००० च्या आत, अगदी मापात.

तर परवा पलीकडे पाठवलेलं माझं सर्व्हे जहाज कुणीतरी क्षेपणास्त्रांनी उडवलं. म्हटलं, क्रूझरला चिलखताचा एक थर वाढवू. वाढवला, आणि वजन १२,३०० वर. टेंडर नेणार नाही. मग रात्री दोनपर्यंत कातरकाम. इंधनाची टाकी कापली, तर परत येण्याइतकं इंधन उरेना. लाँचर काढला, तर पहिल्या फैरीतला दमच गेला. सेन्सर लहान केला, तरी ५० टन वरच. ५० टन म्हणजे या गेममधला एक हल स्पेस, फक्त एक! तेवढ्यासाठी आख्खं आरमार अलीकडे अडकलंय.

आता तू म्हणणार, ‘मोठा ड्राइव्ह बांध.’ तू जन्मभर हेच म्हणत आलास. हॉस्टेलवर ‘स्टार्स!’ हा असलाच अंतराळातला गेम खेळायचो, तेव्हा जहाजं एका ग्रहावरून दुसऱ्यावर क्षणात धाडायला तुझं १००/२५० चं गेट होतं. शंभर किलोटन वजन, अडीचशे प्रकाशवर्षं अंतर, एवढीच त्याची ऐपत. आणि तू त्यातून दुप्पट वजनाच्या युद्धनौका ढकलायचास, का तर पाचपटीपर्यंत गेट घेतं म्हणून. घ्यायचं, पण पलीकडे त्या निघायच्या खिळखिळ्या होऊन. दाम्याने त्या तशाच टिपल्या, तर तू फ्लॉपी करप्ट झाली म्हणून आख्खा टर्न रद्द करायला लावलास. फ्लॉपी धड होती, बाळ्या. मी उघडून पाहिली होती. इतकी वर्षं बोललो नाही, आज लिहून टाकलं.

इथे असली ढकलाढकली चालत नाही. मोठा ड्राइव्ह म्हणजे आधी त्याचं संशोधन, मग नवा टेंडर, मग गोदी वाढवा, नव्या क्लाससाठी टूलिंग करा. तोवर पलीकडचे लोक इकडे यायचे. एफिशियन्सी ५ झाली की तेवढ्याच ३,००० टनांत १५,००० चं जहाज जाईल, हे मलाही कळतं. पण मी मला ओळखतो. १५,००० मिळाले की मी १५,०५० चा क्रूझर बनवणार. बोळ बघून ट्रक घ्यावा, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

खरी धाकधूक टेंडरची आहे. स्क्वाड्रन, म्हणजे छोटी तुकडी, करून उडी मारली, तर पॉइंटपासून लांब निघता येतं, सेन्सरही लवकर शुद्धीवर येतात. पण माझा ड्राइव्ह एका वेळी तीनच जहाजं नेतो. साधी उडी मारली, तर हवी तितकी जातात, मात्र थेट पॉइंटवर निघतात, जिथे शत्रू टपून बसलेला, आणि वर काही काळ आंधळी. त्यात टेंडर पडला, की उरलेले क्रूझर पलीकडेच अडकले. मालवाहूंचा व्यापारी ड्राइव्ह आहे माझ्याकडे, स्वस्त आणि अवाढव्य, पण लष्करी इंजिनाचं जहाज तो नेत नाही. पॉइंट स्थिर करून घेतला, तर ड्राइव्हशिवायही ये-जा होते. फक्त तीच सोय त्यांनाही होते. दुसरा टेंडर बांधावा, तर एक क्रूझर कमी. हे मी ऑफिसात कुणाला सांगू? एकाला सांगितलं, तो म्हणाला, सर, सुट्टी घ्या.

तुझ्या नागपूरच्या बदलीचं कळलं; अभिनंदन करायचं की सांत्वन, ते कळव. चिऊचे मार्क झकास. वहिनींना नमस्कार, गुडघ्याचं ऑपरेशन पार पडलं ना?

फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस. लिहूनच कळव: वाढीव चिलखत सोडून आहे तोच क्रूझर पाठवू, की १०,००० वर उतरून तेवढ्याच मालात दोन टेंडर बसवू? सोबत क्रूझरचं डिझाइन जोडतोय. लाँचरला हात न लावता ५० टन काढून दाखव.

तुझा,
पक्या