शिंजुकुला जाण्याआधी

पुणे, रविवार

चि. सौमित्र यास,
अनेक आशीर्वाद.

काल टोकियोहून फोनवर म्हणालास, शुक्रवारी ऑफिसची मंडळी शिंजुकुला जाणार आहेत, आई, तू गेली होतीस ना, काय असतं तिथे? मी "पत्र लिहिते" म्हटलं. फोनवर तू घाईत असतोस आणि मला सगळं नीट सांगायचं होतं.

२००७ मध्ये दुभाषी म्हणून टोकियोला गेले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच आमच्या गटातल्या एकाला शिंजुकु स्टेशनच्या पूर्वेच्या दाराबाहेर रस्त्यात एक माणूस भेटला. गोड इंग्रजी, "एकच ड्रिंक, तीन हजार येन". तासाभराने हातात बिल आलं ऐंशी हजारांचं. कार्ड घासून सुटला बिचारा, पण दोन दिवस धड जेवला नाही. या प्रकाराला तिथे 'बोत्ताकुरी' म्हणतात, आणि असं गिऱ्हाईक ओढणाऱ्यांना 'क्याकुहिकी'. तिथे हे कायद्याने बंद आहे, यांच्या मागे जाऊ नका म्हणून रस्त्यावर भोंग्यातून सांगतही असतात. तरी माणसं जातात. तू बोलूच नकोस, पाय थांबवू नकोस. कधी अडकलासच तर ११० लाव, नाहीतर जवळचं 'कोबान' गाठ, म्हणजे पोलिस चौकी.

घाबरवायला लिहीत नाहीये. तू जायलाच हवंस, असं मला मनापासून वाटतं.

जाताना पोटात काहीतरी घाल. स्टेशनजवळच 'नाकामुराया' आहे. रासबिहारी बोस १९१५ मध्ये इंग्रजांच्या हातून निसटून जपानला पोचले, तेव्हा या दुकानाच्या मालक सोमा दांपत्याने त्यांना लपवून ठेवलं. पुढे त्यांच्याच मुलीशी बोसांचं लग्न झालं. बोसांची करी १९२७ पासून तिथे मिळते. मी ती खाल्ली तेव्हा घशात आवंढा आला, चवीमुळे नव्हे.

तिथून काबुकिचो, रात्रीच्या करमणुकीची वस्ती. नाव काबुकीचं, म्हणजे जपानच्या जुन्या नाटकाचं, असलं तरी काबुकीचं थिएटर शोधत बसू नकोस. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत हा भाग जळाला, मग इथे थिएटर उभारायचं ठरलं, १९४८ मध्ये वस्तीला नावही दिलं. थिएटर झालंच नाही, नाव तेवढं राहिलं. तिथला झगमगाट एकदा डोळे भरून बघ आणि पुढे चालू लाग.

मला तुला पाठवायचंय ते, ऑफिसची मंडळी पांगल्यावर एकट्याला, हानाझोनो देवळाशेजारच्या गोल्डन गाईत. 'गाई' म्हणजे वस्ती, पेठ. सहा अरुंद बोळ, त्यांत दोनशेहून जास्त बार, बहुतेक दुमजली लाकडी खोपटी. युद्धानंतर काळ्या बाजारातल्या लोकांना इथे आणून बसवलं. १९५८ पर्यंत इथे चोरून वेश्याव्यवसाय चाले. तो कायद्याने बंद झाल्यावर बार आले, आणि बारमागोमाग लेखक, पत्रकार, सिनेमावाले. ऐंशीच्या दशकात जमिनींना सोन्याचा भाव आला, तेव्हा ही जागा रिकामी करायला आगी लावल्या जात होत्या. तर इथे येणाऱ्यांनीच रात्री जागून पहारे दिले. म्हणून ती आज उभी आहे.

मी गेले तो बार वरच्या मजल्यावर होता. जिना आपल्या जुन्या वाड्यातल्या माडीसारखा, एका वेळी एकच माणूस, हाताने भिंत धरून. वर सात स्टुलं. आठवा माणूस आला तर कुणीतरी उठायचं. मालकीणबाईंना सगळे 'मामा' म्हणत, तिकडे त्याचा अर्थ आई. त्यांनी गरम ओला रुमाल हातात दिला, मग बशीभर बटाट्याचं सॅलड. मी मागवलेलं नव्हतं. ते 'ओतोशी': बसण्याचे पैसे म्हणून आलेली छोटी बशी. हे फसवणं नव्हे, तिथली रीत आहे. बऱ्याच दारांवर रक्कम लिहिलेली असते. ती वाचूनच आत शिर. मामांच्या मागे फळीवर बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्यात नावाची चिठ्ठी. गिऱ्हाईक आपली बाटली तिथे ठेवून जातं, पुढच्या वेळी त्यातूनच पितं. एका चिठ्ठीची शाई पार उडालेली होती. मी विचारलं, तर मामा म्हणाल्या, हे आता येत नाहीत. बाटली मात्र पुसून लख्ख ठेवलेली.

त्या जागा अशा आहेत रे, कुणाच्या तरी घरात गेल्यासारख्या. दार लोटून "हितोरी देस" म्हण, एकटा आहे. नको म्हणाले, काही ठिकाणी फक्त नेहमीचेच लोक घेतात, तर हसून मान लववून पुढच्या दाराशी जा. चारपाच जणांचा घोळका नेऊ नकोस. न विचारता फोटो काढू नकोस, बोळातही. रोख पैसे ठेव, टीप ठेवू नकोस. दारू घ्यायची की नाही ते तू ठरव. 'ऊरोनचा' म्हटलंस की थंड चहा येतो, आणि कुणी खोदून विचारत नाही.

शेवटची गाडी मात्र चुकवू नकोस. निशी-कासाईला घरी जायला मध्ये गाडी बदलावी लागते, म्हणून साडेअकराला ऊठ. चुकलीच तर पहाटे साडेचारच्या पुढेच गाड्या सुरू होतात, आणि रात्री दहानंतर टॅक्सीला वीस टक्के जादा पडतात.

तिथले साडेबारा म्हणजे इथे नऊ. मी जागीच असते. पोचलास की "पोचलो" एवढंच लिही. कोणत्या दारातून आत गेलास, ते रविवारी सावकाश सांग.

तुझी,
आई